अल्कलाइन पाण्याचं मशीन: आठ महिने वापरून

दीड लाखाचं मशीन गेल्या गणपतीत घेतलं. विकणारा परका असता तर दारातूनच परत पाठवला असता, पण हा बायकोचा मावसभाऊ. बेळगावात वडगावला घरी येऊन त्यानं दोन ग्लास मांडले, पाण्याचा रंग बदलणारे थेंब टाकले. नळाचं राकसकोप धरणाचं पाणी हिरवं, मशीनचं जांभळं. "बघा दाजी फरक! मी स्वतः तीन महिन्यात बीपीची गोळी बंद केलो." (हिरवं म्हणजे न्यूट्रल, ना आम्ल ना अल्कली, हे नंतर विज्ञान शिकवणाऱ्या शेजाऱ्यानं सांगितलं.) आई कौतुकानं बघत होती. तिला बारा वर्षं शुगर आहे.

मशीन खोटं नाही. विजेनं पाणी फोडतं, पीएच (7 म्हणजे न्यूट्रल, कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे अल्कलाइन) 9 च्या वर नेतं. प्रश्न पुढचा आहे: हे पाणी पिऊन रक्तातलं अ‍ॅसिड कमी होतं आणि बीपी-शुगर बरी होते, या दाव्याचा. ते पाणी जठरात पडतं आणि तिथं 1.5 ते 3.5 पीएचचं अ‍ॅसिड असतं, म्हणजे पाण्याचा अल्कलाइनपणा तिथंच संपतो. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 मध्ये ठेवायला फुफ्फुसं आणि किडन्या आहेतच, तुम्ही कुठलंही पाणी प्या.

खरा घोळ मेव्हण्यानं सांगितलेल्या 'प्रोटोकॉल'चा. उपाशीपोटी चार ग्लास, दूध बंद आणि गोळ्या "हळूहळू" कमी. आईनं आम्हाला न सांगता गोळ्याच सोडल्या. तीन महिन्यांनी एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 7.2 वरून 9.4. मेव्हण्याला फोन केला, तर म्हणे विष बाहेर पडतंय, अजून 21 दिवस थांबा. शुगर उतरली तर मशीनचा गुण, चढली तर विष! मग मशीन फेल गेलं हे कळायचं कसं, विचारलं. उत्तर नाही, व्हिडिओ आला.

या अल्कलाइन मताचा मोठा प्रचारक कॅलिफोर्नियातला रॉबर्ट यंग. विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल 2016 मध्ये दोषी ठरला, तुरुंगात गेला. 2018 मध्ये एका कॅन्सर पेशंटला त्यानं साडेदहा कोटी डॉलर द्यावेत, असा ज्यूरीनं निकाल दिला. आपल्याकडे मधुमेह बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्यानं बंद आहे. म्हणून मशीनच्या छापील कागदावर शुगरचा 'श'सुद्धा नाही. सगळं तोंडी, सोफ्यावर बसून.

आई परत गोळ्यांवर आहे, आकडा 7.5 वर आलाय. मशीनला सायट्रिक अ‍ॅसिडनं धुवावं लागतं ते वेगळंच. चाळीस हजारात विकायला काढलं, गिऱ्हाईक नाही.

परवा मेव्हणा आला होता. उन्हातनं आलेला. आईनं माठातलं पाणी दिलं, दोन तांबे प्याला. मशीनकडं बघितलंसुद्धा नाही.