डिझेल, हायब्रीड की वीज? साखळीच्या घरातून पाहिलेल्या तीन गाड्या

जुनी गाडी काढायची ठरल्यावर मी तीन गाड्या नीट चालवून पाहिल्या. टाटाची नेक्सॉन डिझेल, टोयोटाच्या अर्बन क्रूझर हायरायडरची स्ट्राँग हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हीवर चालणारी) आणि नेक्सॉन ईव्हीचं, म्हणजे निव्वळ विजेवर चालणाऱ्या नेक्सॉनचं, ४५ युनिटांच्या बॅटरीचं मॉडेल. घेतली शेवटची. आता तिचा दुसरा पावसाळा चालू आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी हीच घेईन. तरी हे वाचून कुणी तडक शोरूम गाठू नये, कारण माझ्या निर्णयात गाडीपेक्षा घराचा वाटा मोठा होता. गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथलं वायरिंग कसं आहे, मीटरवर किती भार मंजूर आहे, हे आधी बघावं लागतं. गाडीचा रंग नंतर निवडता येतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी गोव्यातल्या साखळी शहरात क्लिनिक आणि दुपारनंतर घरोघरी रुग्ण: होंडा, वाळपई, मोर्ले, केरी, कधी डिचोली आणि मये. कुणी पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे चार किलोमीटर गाडी, मग पाऊण तास थांबा, पुन्हा सहा किलोमीटर. दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर होतात. शिवाय अधूनमधून चोर्ला घाट चढून बेळगावला माहेरी. वर्षाचे साधारण अठरा हजार धरा.

डिझेलबद्दल मला मनापासून आदर आहे. माझ्या बाबांनी आयुष्यभर डिझेलच चालवली आणि घाटात ती का चालवावी हे मला त्यांच्याच शेजारी बसून कळलं. नेक्सॉनचं दीड लिटरचं इंजिन २६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, देतं आणि तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर. चार माणसं आणि सामान घेऊन चोर्ल्याच्या वळणावर गिअर न बदलता ती चढते. ज्यांचं रोजचं काम लांब पल्ल्याचं आहे, मडगाव-कारवार किंवा बांदा-कणकवली असं, त्यांच्यासाठी ती आजही उत्तम गाडी आहे.

माझ्यासाठी नव्हती, आणि त्याचं कारण धुराच्या नळीत आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात साठलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मिळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. माझी गाडी तापेपर्यंत रुग्णाचं घर येतं. अशा चालीत फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि मग गाडी केवळ फिल्टर साफ व्हावा म्हणून हायवेवर न्यावी लागते. डिझेल घेणाऱ्यानं आपण एका दमात किती किलोमीटर चालवतो हे आधी मोजावं. महिन्याची बेरीज इथे उपयोगाची नाही.

दुसरं कारण माझ्या कामातलं आहे. २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत आमच्या साखळी-डिचोली पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांची रांग दिवसभर चालायची. धूळ आणि डिझेलचा धूर दोन्ही आमच्या वाट्याला आलं. छातीतला कफ सुटावा म्हणून पाठीवर हात धरून बसावं लागतं असे म्हातारे रुग्ण माझ्याकडे आहेत. त्यांच्या अंगणात इंजिन चालू ठेवून उभं राहायला मला नको वाटतं.

हायब्रीडने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. माझा मावसभाऊ पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो, त्याच्याकडे हायरायडर आहे. तिचं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून ११६ पीएस शक्ती देतात, आणि कागदावरचं मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. पणजीत दयानंद बांदोडकर मार्गावर संध्याकाळच्या गर्दीत ती चालवली तेव्हा इंजिन बराच वेळ बंदच होतं. गाडी सरकत होती आणि आवाज नव्हता. चार्जिंगची कटकट नाही, पेट्रोल पंप कुठेही आहे. भावाच्या इमारतीत पार्किंग खाली सामायिक आणि मीटर दुसऱ्याच टोकाला, तिथपर्यंत वायर ओढायची तर सगळ्या सोसायटीशी बोलणं आलं. त्यानं हायब्रीड घेतली हे त्याच्या जागी अगदी बरोबर झालं.

पण तिची बॅटरी फक्त ०.७६ युनिटांची आहे. गर्दीत ब्रेक मारला, थोडी भरली, पुढे निघालो, वापरली, एवढ्यासाठी ती पुरते. घाट उतरताना मात्र ती पहिल्या काही वळणांतच भरून जाते. त्यानंतर उताराची ताकद साठवायला जागाच उरत नाही, गाडी इंजिनाच्या फेऱ्या वाढवून स्वतःला रोखते आणि आतापर्यंत गप्प असलेली गाडी मोठ्यानं बोलू लागते. बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे, पण माझ्यासारख्या घाट ओलांडणाऱ्या माणसाला हायब्रीडचा अर्धा फायदा तिथेच सोडून द्यावा लागतो. चोर्ल्याची उंची साधारण ८०० मीटर. माणसं-सामान धरून १८०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला चार युनिट ऊर्जा जाते. उतरताना तिच्यातली निम्म्याहून जास्त परत मिळू शकते, जर ती ठेवायला तेवढं मोठं भांडं असेल तर.

ईव्हीत ते भांडं आहे. साखळीहून बेळगाव साधारण सत्तर किलोमीटर आहे, आणि बेळगाव स्वतःच साडेसातशे मीटरवर वसलेलं. त्यामुळे जाताना बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो, येताना पाचव्या हिश्शाहूनही कमी. पहिल्यांदा गेले तेव्हा घाटमाथ्यावर उरलेला आकडा पाहून बाबांना फोन करून सांगितलं की तिकडे चार्जिंगची सोय शोधत बसू नका. मोटर वेग कमी करताना किती जोरानं रोखते हे स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी ठरवता येतं, शून्य ते तीन. उतरताना तीनवर ठेवलं तर ब्रेकला पाय क्वचित लागतो. मात्र मागे वयस्कर माणूस असेल तर एकवर ठेवा. सासूबाईंना तीनवर मळमळतं, एकवर त्या निवांत झोपतात.

कंपनीचा जाहीर पल्ला ४८९ किलोमीटर आहे, पण ती चाचणीतली संख्या. प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७० धरावेत असं कंपनीच सांगते, आणि खरेदी करताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. गोव्याला तो भरपूर होतो. पेडण्याच्या टोकापासून काणकोणच्या टोकापर्यंत राज्याची लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी वर आहे.

आता घराचं. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण खरेदीला निघालेल्यांशी याबद्दल कुणी बोलत नाही.

आमचं घर चिऱ्यांचं, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. गाडी बलकावाशेजारच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीशेजारच्या, पत्र्याखाली राहते. नाव नोंदवण्याआधी मी वायरमनला बोलावलं. त्यानं मीटरची पेटी उघडली, अर्थिंगची तार धरून मागच्या अंगणापर्यंत गेला आणि म्हणाला, “वहिनी, ह्या घराला अर्थिंग नाहीच.” पूर्वी तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती. मधल्या काळात पाइप बदलून प्लास्टिकचा आला, तार तशीच राहिली. फ्रीज, मिक्सर, पंप सगळं त्यावर चालत होतं. गाडीचा चार्जर चालत नाही. अर्थिंग सापडलं नाही तर तो चार्जिंग सुरूच करत नाही, आणि ते योग्यच आहे. जुन्या घरांत हा प्रकार सर्रास असणार, म्हणून सांगते: गाडी घ्या किंवा घेऊ नका, अर्थिंग तपासून घ्या.

अंगणात चिऱ्याचा थर फोडून नवा खड्डा घेतला, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून भरला. जांभ्याची जमीन मार्च-एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडी होते आणि कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. हे काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलंय. मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर, भार जास्त झाला तर वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली तर वीज तोडणारा आरसीसीबी एवढं करून घेतलं. मंजूर भार वाढवण्यासाठी अर्ज केला. हे सगळं गाडी दारात यायच्या आधी.

भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर मी घेतला नाही. तो तीसपेक्षा जास्त अँपिअर ओढतो, त्यात आमचा जुना सिंगल फेज कण्हतो. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटांच्या आसपास बॅटरीत जातात. माझा रोजचा खर्च आठ-नऊ युनिट, म्हणजे तीन तासांत भरपाई. रिकामी गाडी पूर्ण भरायला रात्र पुरणार नाही हे खरं, पण ती रिकामी होतेच कुठे? रात्री अकराला लावते, पहाटे तयार असते. पावसात वीज गेली तर चार्जिंग थांबतं, आली की आपोआप सुरू होतं. मे महिन्यातला वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरमधली वीज-गडगड यांची मात्र भीती बाळगावी. आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवायचा हा आमच्या घरात नियम आहे.

खर्च. शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून पंधरा युनिट, सहा रुपये दरानं नव्वद रुपये. डिझेल १७ चं मायलेज आणि ९० चा दर धरला तर सव्वापाचशे. हायब्रीड माझ्यासारख्या रस्त्यांवर २२ देईल असं धरलं तर साडेचारशेच्या जवळ. माझ्या अठरा हजारांवर डिझेलच्या मानानं वर्षाला पाऊण लाखाची बचत. मी पाहिलेल्या मॉडेलांत किमतीचा फरक तीन-साडेतीन लाखांचा होता, तो पाचेक वर्षांत फिटतो. वर्षाला सात-आठ हजारच चालवणाऱ्यानं हाच हिशोब मांडला तर दहा वर्षं लागतील, आणि त्यानं पेट्रोलचीच साधी गाडी घ्यावी असं मी स्पष्ट सांगेन.

२२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीनं हे गणित आणखी वाकडं झालं. ईव्हीवर ५ टक्के तसेच राहिले. चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेलवर १८ टक्के आले, आणि चार मीटरहून लांब हायब्रीडवर ४० टक्के. लिटरला अठ्ठावीसच्या घरात देणाऱ्या गाडीवर डिझेलच्या दुपटीहून जास्त कर हा मला अन्याय वाटतो. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला इंधन वाचवायचं असेल तर त्याला पर्याय तोच आहे.

घराबाहेरच्या चार्जिंगवर अजून माझा पूर्ण भरवसा बसलेला नाही. पुण्याच्या वाटेवर एका ठिकाणी दोनपैकी एक यंत्र बंद आणि दुसऱ्यावर आधीच गाडी लावलेली, असं झालं. तिथे युनिटचा दरही घरच्यापेक्षा तिपटीहून जास्त होता. महिन्यातून तीन-चारदा मुंबई-पुणे करणाऱ्याला मी आज ईव्ही घे म्हणणार नाही.

डिकी ३५० लिटरची आहे. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी साखळीच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सगळं सामान, नारळाचे आणि सुपारीचे घड, सीट न पाडता आलं. गाडीतून बाहेर वीज घेता येते, ती सोय मी फालतू समजत होते. जूनमध्ये झाड पडून आमच्या वाड्याची वीज दिवसभर गेली तेव्हा फ्रीज आणि एक पंखा गाडीवर चालवला. फ्रीजमध्ये शेजारच्या आजोबांचं इन्सुलिन होतं.

शेवटचा प्रश्न ही वीज कुठून येते हा, आणि गोव्याच्या माणसानं तो टाळू नये. आपल्याकडे मोठं वीज केंद्र नाही. वीज बाहेरून येते आणि देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर होते. २०२० मध्ये मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिनीविरुद्ध लोक उभे राहिले, त्यांच्या बाजूनं मीही होते, आजही आहे. मग दारात विजेवरची गाडी ठेवून गप्प बसणं मला पटत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. स्वच्छ ऊन असेल त्या दिवशी तीन किलोवॅटमधून बाराच्या आसपास युनिट मिळतात, गाडीला लागतात आठ-नऊ. पावसाळ्यात तेवढे मिळणार नाहीत, तेव्हा वीज बाहेरचीच घ्यावी लागेल. आमच्या कौलांवर फणसाची सावली असते, म्हणून पॅनेल मागच्या गोठ्याच्या पत्र्यावर बसवायचे ठरले आहेत. पत्र्याखालचे वासे आधी बदलावे लागतील, तो सुतार पाऊस ओसरल्यावर येतोय.