कानाचं मशीन लावून वर्ष झालं, आता रिव्ह्यू

मशीन घेतल्यावर आठ दिवसात रिव्ह्यू टाकणारे खूप असतात, मी मुद्दाम वर्षभर थांबलो. पहिल्या आठवड्यात लिहिला असता तर एक स्टार देऊन वर चार शिव्या घातल्या असत्या.

कानामागे बसणारं आहे, दोन्ही कानांना, वर फोनशी जोडता येतं. दिसायला छान आहे, म्हणजे दिसतच नाही, आणि खरं सांगायचं तर घेताना मी तेवढंच बघितलं होतं. ऐकू किती येईल हे दुसऱ्या नंबरला. चष्मा लावताना कुणी लपवत नाही पण कानाचं मशीन केसाखाली दडवायचं, हे का ते मला अजून कळलेलं नाही, आणि माझे केसही आता दडवण्याएवढे राहिले नाहीत.

आधी तपासणी झाली, त्याचा ग्राफ हातात दिला. डावीकडून बरा चाललेला आणि उजवीकडे घसरगुंडीसारखा खाली. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं की वयाने कान जातात ते वरच्या पट्टीपासून जातात, म्हणजे अ, आ, ओ हे जाडे आवाज नीट येतात आणि स, श, फ, थ अशी बारीक अक्षरं गळतात. 'साप' आणि 'ताप' एकच. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. आणि आवाज येतोय म्हटल्यावर माणसाला वाटतं माझे कान ठणठणीत आहेत, समोरचाच तोंडातल्या तोंडात बोलतोय. मी पाच वर्षं घरात हेच सांगत होतो की हल्ली कुणाला स्पष्ट बोलता येत नाही. अख्ख्या जगाचे उच्चार एकाच वेळी बिघडले असं मानायला मी तयार होतो पण स्वतःचे दोन कान बिघडले असतील असं मानायला तयार नव्हतो, एवढं सोपं गणित.

मशीन लावलं त्या दिवशी डोकं उठलं. पेपरचं पान उलटलं तरी कडकड, नळ म्हणजे धबधबा, स्वतःचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. दोन आठवडे मशीन ड्रॉवरमध्ये. ही चूक करू नका. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला परत ओळखायला आणि नको ते गाळायला वेळ लागतो, काही आठवडे सहज जातात, आणि ड्रॉवरमध्ये ठेवून सवय होत नाही. मग मी रोज थोडं थोडं वाढवत नेलं, सेटिंग तीनदा बदलून घेतलं, तिसऱ्या महिन्यात पिंपातून बाहेर आलो.

आता खरी गोष्ट. ऐकू न येणारा माणूस फार पक्का नट होतो. समोरचा हसला की हसायचं, त्याच्या भुवया वर गेल्या की 'अरे बापरे', आणि मधेमधे 'हो ना'. माझं हे इतकं बसलं होतं की कुणाला पत्ता लागत नव्हता (असं मला वाटायचं). एकदा एक जुना मित्र आजारपणाचे रिपोर्ट सांगत होता, धीराचा माणूस, तोंडावर हसू ठेवून सांगत होता, आणि मी त्याच्या हसण्यावर मोठ्यांदा हसलो. 'परत सांग, ऐकू आलं नाही' हे चार-पाच शब्द बोलायची लाज वाटली म्हणून. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही. मशीनची जाहिरात करणाऱ्यांनी हे सांगावं, ब्लूटूथ वगैरे नंतर.

दुसरं म्हणजे घरातलं. मशीन लावलं तर मला वाटलं आता सगळं ऐकू येईल, आणि आलं काय, तर 'औषध घेतलं?', 'फोन वाजतोय', 'दार लावा'. बायको तीन शब्दांच्या वर बोलेचना. आधी वाटलं हिचा स्वभावच असा झाला. मग हळूहळू ट्यूब पेटली. ओरडून सांगायला लागतं म्हटल्यावर माणूस फक्त कामाचं सांगतो. टोमणा ओरडून मारता येत नाही, लाडाचं ओरडून बोलता येत नाही, 'आज उगाचच कसंतरी वाटतंय' हे तर नाहीच नाही. ते सगळं तिने कधी बंद केलं ते मला कळलंसुद्धा नाही, कारण बंद झालेलं ऐकू येत नसतं. आणि मी विचारलंच 'काय म्हणालीस?' तर 'काही नाही'. हे 'काही नाही' मी वर्षानुवर्षं खरं मानत आलो, सोयीचं होतं ना.

मशीनने माझा कान वर्षात सुधारला, तिची सवय सुधारायला वर्ष पुरलेलं नाही.

तक्रारी पण सांगतो. गर्दीत दहा जण बोलत असतील तर अजूनही खिचडी होते, दिशा बघून आवाज पकडणारे माइक आहेत म्हणे, थोडाफार फरक पडतो इतकंच. वाऱ्यात घुंघूं. कुणी मिठी मारली की शिट्टी वाजते. चष्मा काढताना मशीन सोबत निघून येतं, दोनदा शोधत बसलो. आणि बंद करायचं बटण फार सोयीचं आहे, हा गुण की दोष तुम्ही ठरवा, वादात मी ते दोनदा वापरलंय आणि दोन्ही वेळा पकडला गेलोय.

बॅटरीचं नीट समजून घ्या. माझ्यात ३१२ नंबरची छोटी लागते, ब्राऊन स्टिकरवाली, साधारण आठवडाभर जाते. स्टिकर काढला की भोकातून हवा आत जाते आणि तिथून ती चालू होते, मग वापरा नाहीतर ठेवून द्या, संपायला लागतेच, स्टिकर परत चिकटवून काही होत नाही. आणि काढल्यावर लगेच आत बसवायची नाही, एखादं मिनिट हवा लागू द्यायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सुरुवातीच्या कितीतरी बॅटऱ्या मी घाईने घातल्या.

परवा रात्री ही काहीतरी सांगायला लागली होती, तिच्या लहानपणचं, बहिणीबद्दल, एरवी न निघणारा विषय. आणि मधेच कानात टुंग टुंग, बॅटरी संपली. मी आपला मान हलवायला लागलो, जुनी खोड. तिने ओळखलं. ड्रॉवरमधून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं, मी स्टिकर काढला, आणि ते मिनिटभर आम्ही दोघं त्या एवढ्याशा बॅटरीकडे बघत गप्प बसून राहिलो. मग मी ती बसवली, आणि तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं.

चार स्टार. एक चष्म्यापायी कापला.