पॉवर वाढवतो म्हणाले, आणि इंजिनाचा दिवाच मारून गेले

अंबडला माझं कृषी सेवा केंद्र आहे. गाडी २०१५ची, डिझेल, १.३ लिटर मल्टिजेट. फियाटचं हे इंजिन आपल्याकडे कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत आलं, त्यामुळे बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल. माझ्या गाडीत त्याची ताकद ७५ पीएस, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १९० न्यूटन मीटर. एकट्याला पुरून उरते. पण घरची पाच माणसं, एसी चालू आणि वडीगोद्रीच्या रस्त्यावर पुढे उसाची डबल ट्रॉली असली की टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) भरेपर्यंत गाडी उठत नाही. ओव्हरटेक करताना दोनदा छातीत धस्स झालं होतं. म्हणून रिमॅप करायचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून ताकद वाढवून घ्यायचं, मनात आलं. हौस नव्हती, गरज वाटत होती.

ओळखीतल्या एकाने रिमॅप करणाऱ्यांचा नंबर दिला. हे लोक महिन्यातून एकदा छत्रपती संभाजीनगरला येतात, जालना रोडवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये दिवसभर गाड्या करतात. स्टेज वनचे, म्हणजे सुटे भाग न बदलता नुसता प्रोग्राम बदलायचे, १८,००० रुपये. मुलगा पंचविशीचा, बोलायला गोड. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली, लॅपटॉप उघडला, चाळीस मिनिटांत "दादा, झाली गाडी" म्हणाला. मध्येच "ईजीआर पण बंद करून देतो, इंजिन स्वच्छ राहतं" असंही म्हणाला. ईजीआर म्हणजे प्रदूषण कमी व्हावं म्हणून थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप. मी हो म्हटलं. हातात डायनोचा, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, रंगीत कागद दिला, १०४ पीएस. पैसे फोनवरून घेतले, तेही तिसऱ्याच माणसाच्या नावावर. बिल मागितलं तर पाठवतो म्हणाला.

गाडी पळाली का? पळाली. पाय टेकवला की झेप घ्यायची. आता कळतं, त्यातलं बरंचसं पेडलचं काम होतं. फाइलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या त्या प्रोग्राममध्ये, पेडलचा हिशेब बदलला की निम्म्या दाबावरच इंजिन जवळपास पूर्ण जोर लावतं. पायाला ताकद वाढल्यासारखी वाटते, पण पूर्ण दाबल्यावर मिळणारी ताकद त्याने एका पीएसनेही वाढत नाही. उरलेलं काम नुसत्या डिझेलचं. मागे काळा धूर यायचा. फोन केला, तर "टर्बो डिझेल आहे दादा, एवढा धूर राहणारच."

हे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण घात इथेच झाला. डिझेल इंजिनाचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो आणि त्या हवेत जेवढं डिझेल नीट जळेल तेवढंच सोडतो. ही मर्यादा कंपनीने घातलेली असते. यांनी ती उचलली. आपल्याकडे मे महिन्यात ४३ अंश म्हणजे नेहमीचं. २५ अंशांच्या मानाने त्या उन्हात हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. हवा कमी आणि डिझेल मात्र वाढवलेलं, मग धूर होतो, एक्झॉस्ट तापतो, आणि त्याच एक्झॉस्टच्या झोतात टर्बोचं चाक फिरत असतं. त्याचे बेअरिंग इंजिन ऑइलवर जगतात.

मे महिन्यातच चाळीसगावहून लग्न उरकून परत येत होतो. आई, बायको, दोन्ही मुलं गाडीत. औट्रम घाट चढताना टर्बोची शिट्टी आधी मोठी झाली, मग घासल्यासारखा आवाज आला. मागे पांढरानिळा धूर. वळणाच्या पुढे जागा बघून गाडी बाजूला घेतली, किल्ली फिरवली, तर इंजिन बंदच होईना. उलट आरपीएम आपोआप चढत निघाले. आईने रामरक्षा सुरू केली. मागून आलेला एक ट्रकवाला उडी मारून धावत आला आणि ओरडला, "किल्लीनं भागत नाही दादा! आधी लेकरं उतरवा! पाचवा टाका, ब्रेक गच्च दाबा आन् क्लच सोडा!" मुलांना त्यानेच ओढून बाहेर काढलं. मी सांगितल्याप्रमाणे केलं. गाडीने जोरात हिसका दिला आणि इंजिन गप्प झालं.

टर्बोचं सील गेलं की इंजिनाचं ऑइल हवेच्या वाटेने आत जातं आणि इंजिन डिझेल तोडलं तरी त्या ऑइलवर पळत राहतं. हाताच्या गिअरची डिझेल गाडी असेल तर ट्रकवाल्याचं वाक्य पाठ करून ठेवा. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट अजून आहे.

जालन्याच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. एकही एरर नाही. एवढं होऊनही डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा घाटात एकदाही लागला नव्हता. सकाळी किल्ली फिरवली की तो लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा, त्यामुळे मला कधी संशयच आला नाही. मिस्त्रींनी टर्बो बदलून झाल्यावर इंजिन चालू ठेवून हवेच्या सेन्सरची पिन काढली. थांबले. पुन्हा चालू-बंद केलं. दिवा नाही. "मालक, याचं तोंडच बांधलंय," एवढंच म्हणाले.

पुढे पुण्यात एका जाणकाराकडून फाइल वाचून घेतली. ईजीआर बंद केल्यावर दिवा लागू नये म्हणून त्या एका एररऐवजी सगळ्याच एरर सरसकट बंद केलेल्या. दिवा लागला असता, गाडीने स्वतःहून ताकद कमी केली असती, तर मी चाळीसगावातच थांबलो असतो. आणि फाइल माझ्या गाडीची नव्हतीच, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची उचलून टाकलेली. माझी मूळ फाइल त्याने वाचून ठेवलीच नव्हती. टर्बो, इंजेक्टर, ऑइलची साफसफाई आणि कंपनीची मूळ फाइल परत टाकणं मिळून ८६,००० रुपये गेले.

डायनोचा कागद माझ्या पुतणीने पाहिला, ती संभाजीनगरला मेकॅनिकलला आहे. म्हणाली, "काका, हा कागद खोटा आहे, गुणाकारच जुळत नाही." टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, की पीएस येतात. कागदावर ४००० आरपीएमला टॉर्क २३० दाखवलेला. म्हणजे १३१ पीएस व्हायला हवेत, आणि छापलेत १०४. खऱ्या १०४ पीएसला तिथे टॉर्क १८३च्या आसपास असतो. कागदावर हवेचं तापमान २४ अंश, तेही मे महिन्याच्या दुपारी. गाडीचा नंबर कुठेच नाही. आणि माझी गाडी रोलरवर चढलीच नव्हती, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी कागद घडी करून डॅशबोर्डात ठेवला.

रिमॅप म्हणजेच लबाडी असं माझं म्हणणं नाही. नीट काम करणारे आधी मूळ फाइल काढून तुमच्या हातात देतात, गाडी चालवून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि डिझेलचे आकडे नोंदवतात, क्लचला वाढलेली ताकद झेपेल का ते बघतात, बिल देतात. पण नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे मालकाला करता येत नाही, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्यात आडवा येऊ शकतो, हेही आधी माहीत असू द्या. मला ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पोलिसांत अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण बिल नसल्यामुळे पैसे भरल्याचा फोनवरचा पुरावा आणि चॅट एवढाच आधार. तुमच्याकडे चॅट असतील तर पुसू नका.

परवा त्या रिमॅपवाल्यांचा त्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, पुढच्या रविवारची बुकिंग चालू आहे म्हणून. त्या ग्रुपवरच्या ओळखीच्या दोघांना लगेच फोन केला. घनसावंगीच्या एकाने मिस्त्रीकडे जाऊन हवेच्या सेन्सरची पिन काढून पाहिली. दिवा लागला नाही. त्याची गाडी सध्या घरासमोर उभी आहे.