वाचनालय वाढवायचंय: सभेत विचारावं, फॉर्म फिरवावा की वाडीत जावं?

वाचनालयाची जागा अपुरी पडतेय, मागची पडवी वाढवायची की वर मजला चढवायचा यावर चर्चा सुरू आहे, आणि ‘लोकांचं मत घेऊ’ असं कार्यकारी मंडळात ठरलंय. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. मत घ्यायचं कसं, तिथे घोडं अडतं. कोकण किनाऱ्यावरच्या गावात तीन वाटा सहज सुचतात: सर्वसाधारण सभा, मोबाइलवरचा फॉर्म आणि वाडीवार बैठका. प्रत्येक वाटेवर वेगळी माणसं भेटतात, त्यामुळे उत्तरंही वेगळी येतात.

सर्वसाधारण सभा टाळता येणार नाहीच. एवढ्या खर्चाचा ठराव तिथेच व्हायला हवा, उद्या धर्मादाय कार्यालयात किंवा अनुदानाच्या कामी दाखवायचा कागदही तोच. पण सभेत बोलतो तो सभासद. जो वर्गणी भरत नाही, वाचनालयाची पायरी चढत नाही, त्याला तिथे आवाज नाही. आणि विस्तार तर त्याच्यासाठीच करायचा असतो! दुसरी गोष्ट तारखेची. उपस्थिती चांगली व्हावी म्हणून सभा गणपतीत किंवा मे महिन्यात ठेवण्याकडे कल असतो, कारण तेव्हा चाकरमानी गावी असतात. त्यांची आपुलकी खरी आहे, देणगीही मोठी येते, तिचा मान राखायलाच हवा. पण मोठ्या सभागृहाचा आग्रह बहुधा तिकडून येतो, आणि वर्षभर वाचनालय वापरणाऱ्याला कदाचित एक बंद खोली, चार टेबलं आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवं असतं. देणगी किती आणि मत कुणाचं, हे दोन कागद वेगळे ठेवा.

फॉर्म स्वस्त, आठवड्यात काम उरकतं, पुण्या-मुंबईत शिकणारी मुलंही भरतात. मात्र ‘वाचनालय वाढवावं का?’ असं विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील आणि हाती काही लागणार नाही. फॉर्म वेळांसाठी वापरा: संध्याकाळी किती वाजेपर्यंत बसाल, शेवटची एसटी कितीची, रविवारी उघडं हवं का. पंचक्रोशीतून येणाऱ्या मुलींना अभ्यासिकेत बसता येईल की नाही, हे खोलीच्या आकाराइतकंच एसटीच्या वेळेवर ठरतं. काउंटरवर छापील पत्रकं ठेवलीत तर मोबाइल नसलेले वाचकही भरतील, पण ती येणाऱ्यांच्याच हाती पडतात.

माझा कौल वाडीवार बैठकांना आहे. त्या दमवतात आणि वर्षाचं गणित सांभाळावं लागतं. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार वाडीत माणसं निवांत भेटतात. शेतीच्या वाडीत नेमकी तेव्हाच लावणीची धांदल, तिथे लावणी उरकल्यावर जावं. आंबा बागायतदाराला मार्च ते मे गाठायला जाऊ नका. एकच तारीख सगळ्या वाड्यांना लावली की अर्धं गाव आपोआप वगळलं जातं.

बैठकीत नकाशा पसरू नका, तो चार जणांनाच कळतो. देवळासमोरच्या अंगणात फक्कीने प्रस्तावित खोलीची खरी मापं आखा आणि लोकांना आत उभं करा. कपाट इथे, दार इथे, जिना तिथे. मग सूचना आपोआप येतात. ‘जिना नको गो बाय, गुडघे दुखतात’ असं एखाद्या आजीने म्हटलं की वरच्या मजल्यावर वृत्तपत्र विभाग नेण्याचा बेत तिथेच मागे पडतो. पश्चिमेच्या खिडकीतून पावसाची झड कुठवर येते, वाळवी कुठल्या भिंतीतून वर चढते, हेही त्या परिसरात जन्म काढलेली माणसं सांगतात.

पाण्याबद्दल तर हमखास विचारा. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं. 2005 आणि 2021 च्या जुलैमधल्या पुरांनी तिथल्या पुस्तकांची किती हानी केली, हे सगळ्या कोकणाने पाहिलंय. तुमच्या गावात पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजारी भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. त्या रेषेखाली दुर्मीळ पुस्तकं आणि जुने दस्तऐवज ठेवायचे नाहीत, एवढं एक ठरलं तरी बैठकीचं चीज झालं. म्हणजे वृद्धांसाठी वाचनकक्ष तळमजल्यावर आणि ग्रंथसंग्रह वर, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी योग्य ठरेल. जागा खाडीकाठी किंवा समुद्रालगत असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, चौकशी मात्र बैठकांच्या आधी करून घ्या. जे बांधताच येणार नाही, त्याची आशा लोकांना दाखवू नये.

तेव्हा क्रम असा धरा: आधी बैठका, मग त्यातून निघालेल्या प्रश्नांचा फॉर्म, शेवटी सभा आणि ठराव. एवढं मनुष्यबळ नसेल तर तीनच बैठका घ्या: एक मच्छीमार वाडीत, एक सर्वांत लांबच्या वाडीत, एक स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींबरोबर. बाजारपेठेतले नेहमीचे वाचक तसेही तुमच्याशी रोज बोलतातच. आणि आलेल्या सूचनांपैकी कुठली घेतली, कुठली का घेतली नाही, याची यादी वाचनालयाच्या फळ्यावर आणि त्या त्या वाडीत लावा, सभेच्या निदान पंधरा दिवस आधी.