सहा आयपी, एकच मॅक: आमचे ५०,५२० रुपये गेले

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात सहा पॅनलचे वीज मीटर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसायला हवे होते. मीटर आरएस-४८५ वाले (ए आणि बी अशा दोन वायरींवरून आकडे पाठवणारे), शेड लांब लांब, सीसीटीव्हीची लॅन आधीच होती. म्हणून सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टर, म्हणजे मीटरचे आकडे लॅनवर आणणारे बॉक्स, घेतले. प्रत्येकी ६,५००, जीएसटीसकट ४६,०२०. वर 'कॉन्फिगरेशन'चे ४,५०० रोख, बिनपावतीचे.

डेमोला विकणाऱ्याने एक बॉक्स जोडला, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट नंबर टाकून टीसीपी कनेक्शन उघडलं, व्होल्टेज आलं. मी म्हटलं, दोन एकदम लावा. तर पठ्ठ्याने पहिला काढून त्याच केबलला दुसरा लावला. "केबल एकच आणलीय की हो!" माझ्या मागच्या कपाटात पॅच कॉर्ड (नेटवर्कच्या तयार केबल) ढिगाने पडल्या होत्या. पण मालक शेजारी, "चालतंय की, द्या ऑर्डर" म्हणत उभे. त्यांच्यासमोर मी काय वाद घालणार? आणि दुसऱ्या बॉक्सवरही आकडे बरोबरच आले होते.

बसवल्यावर एक मीटर दिसला की दुसरा गायब. ए-बी वायरी उलटसुलट केल्या, टर्मिनेशन (वायरीच्या टोकाचा रेझिस्टर) बघितलं, मीटरलाही शिव्या घातल्या. शेवटी एआरपी टेबल (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, ती यादी) काढलं: आयपी सहा, सगळ्यांसमोर मॅक ॲड्रेस (प्रत्येक बॉक्सचा वेगळा असायला हवा तो हार्डवेअर नंबर) एकच. स्विच तरी काय करणार, जो शेवटचा बोलला त्याच्याच पोर्टवर सगळं पाठवणार. मॅक बदलायची सोय सेटिंगच्या पानावर नाही. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

दोन बॉक्स एकाच स्विचवर चालल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ५०२ पोर्ट उघडला म्हणजे मॉडबस टीसीपी (मीटरची मॉडबस भाषा, नेटवर्कवरची) झालं असं नाही; आरटीयूचे (तीच भाषा, सिरीयल वायरीवरची) बाइट सीआरसीसकट (चूक पकडायचे शेवटचे बाइट) तसेच येत असतील तर तो गेटवे (एकातून दुसरीत बदलून देणारा बॉक्स) नव्हे. हेही त्याने गेटवे म्हणूनच विकलं होतं.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी कोर्टात जा." मॅक ॲड्रेस सांगायला लागलो तर हवालदाराने विचारलं, "मीटर फिरतोय ना?" १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन केला, तर माल समोरासमोर घेतलाय, आमच्यात बसत नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलंय, २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. जीएसटी भरताना बरे आम्ही ग्राहक असतो! बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला. हे बघायला फुकट असतं, पैसे द्यायच्या आधी बघा. जीएसटी ऑफिसात गेलो तर, "ऑनलाइन तक्रार टाका."

आता तोच माणूस चिंचोळी एमआयडीसीत हेच बॉक्स ७,२०० ला दाखवत फिरतोय म्हणे. आला तर पॅच कॉर्ड तुमच्या हातात ठेवा.