इमारतीच्या अंगावर पडदा: भरीव, जाळीचा, काचेमागचा की नुसते ठिपके?

दर्शनी भागावर व्हिडिओ पडदा बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'पिच किती घ्यायचा?' खरं तर तो तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की पडद्यामागे काय आहे: कोरी भिंत, की माणसं दिवसभर बसतात त्या खिडक्या? आणि दुसरा, बंद पडलेल्या ठिपक्यापर्यंत दुरुस्ती करणाऱ्याचा हात कुठून पोहोचणार? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडली की निम्मे पर्याय बहुधा तिथेच गळतात.

पिचचं गणित, एकदाच

पिच म्हणजे दोन शेजारच्या पिक्सेलच्या केंद्रांमधलं अंतर. सर्वसाधारण डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक फरक कळत नाही, म्हणून पिचच्या सुमारे 3,400 पट अंतरावर ठिपके पूर्ण एकजीव होतात. 10 मिमी पिच 34 मीटरवर, 50 मिमी पिच 170 मीटरवर. व्यवहारात मात्र जितके मिमी पिच तितके मीटर, एवढ्या अंतरापासूनच चित्र ओळखू यायला लागतं. त्याहून जवळ फक्त दिवे दिसतात. तुमचा बहुतेक प्रेक्षक 60 मीटरवरच्या चौकात उभा असेल, तर 4 मिमी पिचचा पडदा घेणं म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या बारकाव्याचे पैसे मोजणं. पिच निम्मा केला की पिक्सेल चौपट होतात: 10 मिमीला चौरस मीटरमागे 10,000, 5 मिमीला 40,000, तर 4 मिमीला 62,500. व्हिडिओ कंट्रोलरचं (पडद्याला चित्र पाठवणाऱ्या यंत्राचं) एक गिगाबिट पोर्ट, म्हणजे केबल जोडायचं तोंड, नेहमीच्या मांडणीत साधारण साडेसहा लाख पिक्सेल चालवतं, म्हणजे 10 मिमीच्या 65 चौरस मीटरला पुरणारं पोर्ट 4 मिमीच्या जेमतेम 10 चौरस मीटरला पुरतं.

अक्षरं दाखवायची असतील तर वेगळा हिशेब करावा लागतो. रोमन मोठं अक्षर पिक्सेलच्या 7 ओळींत उभं राहतं. वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार घेणाऱ्या देवनागरीला निदान 16 ओळी तरी लागतात. 50 मिमी पिचवर ते अक्षर 80 सेंमी उंच होतं, 200 मिमीवर 3.2 मीटर. हे आधी मोजलं नाही, तर उद्घाटनाच्या दिवशी नाव वाचता येत नाही.

भरीव कॅबिनेट

दिव्यांचे छोटे चौकोनी तुकडे (मॉड्यूल) बसवलेल्या पेट्या, म्हणजे कॅबिनेटं, एकमेकींना खेटून हा पडदा होतो. मागे कोरी भिंत असेल आणि भर उन्हात चित्र दिसायलाच हवं असेल, तर दुसरीकडे बघण्यात अर्थ नाही. अशा पडद्याची तेजस्विता 5,000 ते 8,000 निट (तेजस्वितेचं एकक) असते आणि थेट उन्हाला तेवढी लागतेच. पण याला किंमत आहे ती वजनाची आणि वाऱ्याची. नुसती कॅबिनेटं चौरस मीटरला 30-40 किलो भरतात, आधाराचा पोलादी सांगाडा वेगळा. शिवाय अख्खा पडदा शिडासारखा वारा अडवतो. हा भार स्लॅबच्या कडांवर आणि खांबांवर जायला हवा. मधल्या विटांच्या भिंतीत ठोकलेले अँकर आज घट्ट वाटतात, पण वाऱ्याच्या रोजच्या हिसक्यांनी सैल होतात.

उष्णतेने होणारं प्रसरण विसरलं जातं. 10 मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी 40 अंशांच्या फरकाने सुमारे 9 मिमी वाढते, तेवढंच पोलाद 5 मिमीच्या आत. दोन्ही एकमेकांना पक्के आवळले तर कॅबिनेटच्या रेषा वाकतात आणि चित्रात काळ्या-पांढऱ्या शिवणी उमटतात. म्हणून जोडणीची भोकं लांबट ठेवा आणि ठराविक अंतरावर फट सोडा.

मागून दुरुस्ती करायची असेल तर 60 ते 80 सेंमीची चालायची वाट लागते. समोरून करायची असेल तर मॉड्यूल पुढे निघायला हवं आणि छतावरून झुला, म्हणजे माणूस उभा राहील असा टांगता पाळणा, उतरवण्याची सोय हवी. वाट देता येत असेल तर तीच द्या. पावसाळी, वादळी दिवसांत झुला खाली उतरत नाही आणि पडदा बिघडतो तो नेमका त्याच दिवसांत.

खिडक्या असूनही भरीव पडदा बसवल्याचं उदाहरण आहे: न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या नॅसडॅक या शेअर बाजाराच्या 1999 च्या बुरुजावर पडद्यातच खिडक्यांची भोकं सोडली आहेत. चालतं ते, पण प्रत्येक भोकाभोवती पाणी अडवण्याची कड येते, आणि चित्र करणाऱ्याला ती भोकं धरूनच मांडणी करावी लागते.

वळणदार कोपऱ्यावरच्या त्रिमितीय दृश्यांचा मोह सगळ्यांना पडतो. टोकियोत शिंजुकू स्थानकासमोरचा 2021 सालचा वक्र पडदा 150 चौरस मीटरच्या थोडासाच वर आहे, तरी जगभर गाजला, कारण माणसं ज्या चौकात थांबतात तिथूनच तो नीट दिसतो. हा आभास एका ठराविक जागेवरून पाहिला तरच जमतो. तुमच्या इमारतीसमोर लोक थांबतच नसतील, नुसते पुढे जात असतील, तर कोपऱ्यावर खर्च करू नका.

जाळीचा पडदा

पट्ट्यांवर दिवे आणि मधे मोकळी जागा. पिच 15 ते 50 मिमी, वजन चौरस मीटरला साधारण 10-20 किलो, वारा बराचसा आरपार जातो. जुन्या इमारतीचा सांगाडा जास्त भार घेत नसेल तर हाच पहिला विचार. आत बसणाऱ्यांना बाहेरचं दिसतं, पण आडव्या रेषांमधून. ते त्यांना महिना-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं सोसायचं असतं, म्हणून निर्णयाआधी त्यांनाही विचारा.

जाळी लागली की मागच्या काचा पुसायच्या कशा, हा प्रश्न नकाशावरच सोडवा: एक तर माणूस चालेल एवढी जागा, नाहीतर बिजागरीवर उघडणारे भाग. आगीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. जाळी आणि भिंत यांच्यातली उभी पोकळी धुराड्यासारखं काम करते. प्रत्येक मजल्यावर पोकळीला आडवा अडसर, न पेटणारा सांगाडा, कमी धूर करणाऱ्या केबली आणि अग्निशमन दलाला आत शिरायच्या खिडक्या पूर्ण मोकळ्या, यात तडजोड करू नये.

काचेमागे, आतून

बाहेरच्या भिंतीला हात लावता येत नसेल तर हा पर्याय सुटसुटीत वाटतो. पाऊस नाही, वारा नाही, दुरुस्ती आतून. आडवा 3.9 आणि उभा 7.8 मिमी पिच नेहमी भेटतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 32,800 पिक्सेल. निराशा होते ती काचेमुळे. रंगीत किंवा उष्णता परतवणारी काच 50 टक्के प्रकाश सोडत असेल, तर 4,000 निटचा पडदा बाहेर 2,000 चा उरतो आणि वर आकाशाचं प्रतिबिंब. दुहेरी काचेत चित्राची फिकट दुसरी प्रतही दिसते. त्याशिवाय पडद्याची उष्णता काचेजवळ कोंडली तर साधी, टेंपर न केलेली (तापवून मजबूत न केलेली) काच कडेपासून तडकू शकते. तिथे हवा खेळती ठेवा आणि वातानुकूलनाचा हिशेब नव्याने करा.

नवी इमारत असेल तर काच आणि दिवे एकत्र आखता येतात. टोकियोतल्या गिंझामधल्या शनेल या फॅशन कंपनीच्या 2004 च्या इमारतीत दर्शनी काचेमागे सुमारे सात लाख एलईडी आहेत आणि काच विजेने पारदर्शक-अपारदर्शक होते. दिवसा खिडकी, रात्री पडदा. हे नंतर चिकटवून होत नाही.

सुटे ठिपके

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित पर्याय हाच. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयावर 2003 मध्ये फक्त 930 गोल फ्लुरोसंट दिवे बसवले, सुमारे 900 चौरस मीटरवर, एकाच रंगात. इतक्या थोड्या ठिपक्यांत व्हिडिओ चालतो, कारण दृश्यं त्या ठिपक्यांसाठीच रचली जातात. दुसऱ्या टोकाला लास व्हेगासचं स्फिअर हे प्रेक्षागृह: 2023 मध्ये उजळलेल्या त्या घुमटावर सुमारे 12 लाख चकतीसारखे दिवे साधारण 20 सेंमी अंतरावर आहेत. जवळून ते सुटे दिसतात, लांबून डोळा फसतो.

200 मिमी अंतरावर चौरस मीटरला 25 ठिपके, प्रत्येकी 1 वॉट धरला तर 25 वॉट. भरीव पडदा पूर्ण पांढऱ्यावर 600-800 वॉट खातो. मात्र असे विरळ, लहान ठिपके दिवसा जवळजवळ दिसत नाहीत आणि कंपनीचा तयार व्हिडिओ त्यावर टाकला तर नुसता चिखल दिसतो.

इथला नेहमीचा बिघाड म्हणजे ठिपक्यांच्या माळेच्या शेवटी पांढरा रंग लालसर होणं. दिवे खराब नसतात. लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला 3 च्या आसपास लागतात. 5 व्होल्टच्या लांब माळेत तारेतच व्होल्टेज घटतं आणि निळा-हिरवा आधी मंद होतो. 24 व्होल्टची माळ घ्या किंवा मधे-मधे वीज पुन्हा जोडा. डीएमएक्स या दिवे चालवण्याच्या पद्धतीत एका युनिव्हर्समध्ये (एका केबलीच्या गटात) 512 चॅनेल, म्हणजे तीन रंगांचे 170 ठिपके बसतात. केबलींचा नकाशा त्यावरून काढा.

प्रोजेक्टर

कधीमधी, रात्रीपुरतं हवं असेल तरच. प्रोजेक्टरचे 30,000 ल्युमेन (एकूण प्रकाश) 600 चौरस मीटरवर पसरले की 50 लक्स (चौरस मीटरवर पडणारा प्रकाश). निम्मा प्रकाश परतवणाऱ्या भिंतीवर त्याचे 8 निट होतात. रस्त्याचे 15 लक्स त्यावर पडले की काळा रंग संपला. काचेच्या इमारतीवर तर चित्र ठरतच नाही.

सही करण्याआधी

रात्रीची तेजस्विता करारात आकड्याने लिहा. दिवसाचे 6,000 निट रात्री तसेच राहिले तर समोरच्या घरांत झोप लागत नाही. बहुतेक जागी 300 निट पुरतात. प्रकाश मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसते, तो बंदही पडतो. म्हणून वेळापत्रकाने मंद होण्याची दुसरी सोय हवीच, आणि सेन्सर गेला तर पडदा मंद बाजूला जायला हवा.

राखीव मॉड्यूल 3 ते 5 टक्के, त्याच उत्पादन-खेपेतले, पहिल्याच मागणीत घ्या. दोन वर्षांनी आणलेलं मॉड्यूल रंगाने वेगळं दिसतं आणि तो चौकोन रोज डोळ्यांत खुपतो. एलईडीच्या 1,00,000 तासांवर हिशेब मांडू नका. आधी जातात ते पॉवर सप्लाय आणि जोड. केबल कॅबिनेटमध्ये खालून शिरावी आणि शिरण्याआधी तिला झोळ असावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं.

आणि सगळ्यात शेवटी, नमुना मागा: निदान एक चौरस मीटर, खऱ्या जागी, खऱ्या उंचीवर, पुरवठादाराच्या दिवाणखान्यात नव्हे. ठिपक्यांसाठी त्याहून मोठा. दुपारी एकदा, रात्री एकदा, चौकातून एकदा आणि त्या भिंतीमागे बसणाऱ्या माणसाच्या खुर्चीवरून एकदा बघा.