गेमिंग लॅपटॉप, विमानातला सॉकेट आणि साठ वॅटची केबल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लांबच्या विमानप्रवासात सीटच्या सॉकेटवर गेमिंग लॅपटॉप कसा चालवायचा, त्याचा हा अनुभव. आधी सामान. १६ इंची लॅपटॉप, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ९० वॅट-अवरची बॅटरी (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या विजेचं माप), सोबत आलेला २३० वॅटचा अ‍ॅडॅप्टर (वजनाने आणि आकाराने वीटच). त्याला पर्याय म्हणून १०० वॅटचा गॅन (गॅलियम नायट्राइड) चार्जर, टाइप-सीच्या दोन केबल (एक ५ अँपिअरची, दुसरी ३ अँपिअरची), एक प्लग-इन वॅटमीटर (सॉकेटमधून किती वॅट ओढले जातात ते दाखवणारा) आणि २७,००० एमएएचची पॉवर बँक. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती यातली सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणजे ३ अँपिअरची साधी केबल. कारण खाली येतंच.

विमानात सीटच्या सॉकेटला बहुतेक ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असते. त्याची काळजी नको; चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असलं की झालं. अडचण वॅटची आहे. बऱ्याच विमानांत एका सॉकेटमागे ७५ वॅटच्या आसपास मर्यादा असते, नव्या सीटवर थोडी जास्त. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर मिक्सर लावल्यावर जे होतं तेच इथे होतं : सॉकेटवरचा हिरवा दिवा विझतो आणि सॉकेट बंद. २३० वॅटची वीट लावली तर गेम सुरू करायचीही गरज नाही. बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर नुसत्या चार्जिंगलाच ही वीट शंभर वॅटच्या पुढे जाते.

मग १०० वॅटचा चार्जर घेतला की सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. नाही सुटत. लॅपटॉपला १०० वॅट द्यायला हा चार्जर सॉकेटमधून ११० च्या आसपास ओढतो, म्हणजे ७५ वाल्या सॉकेटवर तोही ट्रिप होणार. चार्जर मोठा घेण्यापेक्षा ओढ कमी करणं महत्त्वाचं. ५ अँपिअरच्या टाइप-सी केबलमध्ये ई-मार्कर नावाची छोटी चिप असते. ती नसली की चार्जर ३ अँपिअरच्या वर जात नाही. २० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅट. सॉकेटवरचा भार मग ६६-६८ वॅटवर थांबतो. त्यामुळे घरी आणि विमानतळावर जाड (५ अँपिअरची) केबल, विमानात बारीक (३ अँपिअरची). ६५ वॅटचा वेगळा चार्जर घेतला तरी चालेल, पण त्यात काठावरचा खेळ होतो, ६० बरा.

आता ६० वॅटवर गेम चालतो का? चालतो, पण हिशेबाने. अ‍ॅडॅप्टर कमी पडला की असे लॅपटॉप उरलेली वीज बॅटरीतून घेतात. सगळं मिळून ८० वॅटमध्ये बसवलं तर दर तासाला २० वॅट-अवर बॅटरीतून जातात. ९० पैकी ७० वापरायचे ठरवले तर साडेतीन तास. जेवणाचे ट्रे आले की गेम बंद, लॅपटॉप स्लीपला. तासाभरात ४५ च्या आसपास वॅट-अवर परत येतात (८० टक्क्यांच्या पुढे वेग मंदावतो). मुंबई–लंडनच्या नऊ-दहा तासांत झोप धरून एवढं पुष्कळ झालं. उलट प्लग न लावता पूर्ण ताकदीने खेळायला गेलात तर ९० वॅट-अवर तासभरही पुरत नाहीत.

८० वॅटमध्ये बसवायला एवढं करावं लागतं : सायलेंट मोड, स्क्रीन १६५ वरून ६० हर्ट्झवर, कीबोर्डचे दिवे बंद आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फ्रेम रेटची (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याची) कमाल मर्यादा ४० किंवा ६०. सगळ्यात मोठा फरक पडतो तो या शेवटच्या गोष्टीने. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद होतो. पंख्याचा आवाज उतरतो आणि शेजारचा प्रवासी वळून बघत नाही. प्रत्येक गेम घरी एकदा उघडून शेडर (ग्राफिक्स रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होऊ द्या. ते काम प्रोसेसरला पिळून काढतं, आणि ते पस्तीस हजार फुटांवर करायचं काम नाही. स्टीम या गेमच्या अ‍ॅपचा ऑफलाइन मोडही निघायच्या आधीच तपासा.

लॅपटॉपनुसार वागणूक बदलते, आणि इथेच पैसे वाया जातात. काही गेमिंग लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट फक्त डेटा आणि डिस्प्लेसाठी असतो, चार्जिंग घेतच नाही. काही ६० वॅटला ‘स्लो चार्जर’ म्हणून कुरकुरतात पण घेतात, तर काही चालू असताना नाकारतात आणि बंद असतानाच घेतात. टाइप-सीवरून गोल पिनेचा कन्व्हर्टर मिळतो, पण ज्या कंपन्या पिनेतून अ‍ॅडॅप्टरची ओळख तपासतात तिथे तो चालेलच असं नाही. म्हणून भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर, त्यात चार्जर, त्यात बारीक केबल लावून अर्धा तास गेम चालवून पाहा. आकडा ७० च्या खाली राहिला तर पास. ही चाचणी एप्रिलमध्ये सांगलीत भर दुपारी केलीत तर चार्जर तापून स्वतःच वॅट कमी करू शकतो. तो दोष नाही, सुरक्षेची सोय आहे. संध्याकाळी परत बघा.

सॉकेटचं दुसरं दुखणं यांत्रिक. आपली जाड तीन पिनांची पिन तिथे भरवशाने बसत नाही. दोन बारीक गोल पिनांची बसते. हजारो वेळा वापरून सॉकेट ढिले झालेले असतात, आणि थेट पिनेवर लटकणारा चार्जर स्वतःच्या वजनाने गळून पडतो. एक फुटाची वायर असलेला चार्जर घ्या, म्हणजे वजन सीटच्या खिशात राहतं. दिवा विझलाच तर प्लग काढा, थोडं थांबा, आधी फक्त चार्जर लावा आणि दिवा हिरवा झाल्यावर केबल लॅपटॉपला जोडा. पुढच्या प्रवाशाने सीट मागे टाकली की स्क्रीनचा वरचा काठ अडकून चिरडू शकतो. १६ इंचीसाठी हा धोका खराच आहे.

पॉवर बँकेला आता पूर्वीची किंमत उरली नाही. २७,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ९९.९ वॅट-अवर, परवानगीशिवाय नेता येणाऱ्या १०० च्या काठाखाली. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी, आणि चेक-इन बॅगेत कधीच नाही. पण सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच मनाई केली आहे. म्हणजे उपयोग उरला तो मधल्या विमानतळावर. वॅट-अवरचा आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत वाद होतो. त्यावर पारदर्शक टेप लावून ठेवा.

सांगलीकरांसाठी वेगळी गोष्ट म्हणजे विमानाआधीचा रस्ता. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कराड, सातारा, खंबाटकी करत मुंबई गाठेपर्यंत आठ-नऊ तास जातात, आणि बसमधल्या यूएसबीवर मोबाइल चार्ज झाला तरी खूप. स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप बॅगेत मध्येच जागा होऊन तापतो आणि विमानतळावर अर्ध्या बॅटरीने उघडतो. निघताना पूर्ण शटडाउन करा. बॅटरी वाचवायला लावलेली ८० टक्क्यांची मर्यादा आदल्या रात्री काढा, नाहीतर १८ वॅट-अवर घरीच राहतात. कोल्हापूरहून छोट्या विमानाने मुंबईला जाणार असाल तर त्यात सॉकेट मिळेल ही आशाच धरू नका.

आठ महिन्यांनी चार्जर ठणठणीत आहे. ५ अँपिअरची केबल मानेपाशी ढिली झाली, हलवली की चार्जिंग तुटतं. बदलायची आहे. ३ अँपिअरची मात्र तशीच आहे, फक्त पटकन पाहताना दोन्ही सारख्याच वाटत असल्यामुळे तिच्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळावी लागली.